११०, ७०, १०५ : जुन्या आठशेचं कॉम्प्रेशन कसं वाचायचं

भाच्याने गॅरेजवाल्याच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. कॉम्प्रेशनचे, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याचे, तीन सिलिंडरचे तीन आकडे: ११०, ७०, १०५. खाली गिचमिड अक्षरात ‘रिंगा गेल्या, बोअर करावं लागेल, फुल इंजिन काम’. रिंगा म्हणजे पिस्टनवरच्या कड्या, बोअर म्हणजे सिलिंडरची आतली भिंत. फोटो बघतोय तोवर फोन आलाच.

“मामा, अठ्ठावीस हजार सांगतोय. गाडीच मी चाळीसला घेतलीय.”

“पैसे दिलेस का?”

“नाही अजून.”

“मग गाडी खाली घेऊन ये. घाटात घाई करू नकोस.”

गाडी १९९६ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, एमएच-११ पासिंगची. भाचा पाचगणीत राहतो, मी वाईत. तक्रार अशी की पसरणीचा घाट चढताना गाडी तिसऱ्या गिअरला दम टाकते, दुसऱ्यात आणावी लागते, आणि उभ्या गाडीला इंजिन लंगडतं. तीन सिलिंडरचं इंजिन एरवीही थोडं थरथरतंच, पण ही थरथर स्टिअरिंगमधून दातांपर्यंत यायची.

माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात, म्हणजे डिझेलवर गेली. आठशे मात्र घरची होती, आणि तिला माझ्याशिवाय कुणी पाना लावला नाही. कॉम्प्रेशन गेज आता हजार-पंधराशेत कुणालाही मिळतो, लावायलाही अवघड नाही. आकडे हातात आल्यावर काय समजायचं, तिथे लोक अडतात. आणि अडलेल्या माणसाला फुल इंजिन काम विकणं सोपं जातं.

आधी आकडा नीट घ्या

मी भाच्याला पहिला प्रश्न विचारला, चेक करताना तू तिथे होतास का? होता. इंजिन गार होतं का? हो, रात्रभर उभी होती. प्लग किती काढले? एकेक काढून बघितला. ॲक्सिलरेटर कुणी दाबला होता? कुणीच नाही. गेज आट्यांचा होता की रबरी टोकाचा? रबरी, हाताने दाबून धरला होता.

म्हणजे चार चुका एका चिठ्ठीत. प्रत्येक चूक आकडा खालीच आणते. इंजिन गार असलं की पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह आपल्या कामाच्या मापाला आलेले नसतात. बाकीचे प्लग जागेवर ठेवले तर सेल्फला सगळ्या सिलिंडरचं ओझं ओढावं लागतं, क्रँक (पिस्टन वर-खाली करणारा दांडा) हळू फिरतो, आणि हळू दाबलेली हवा वाटेतच निसटते. ॲक्सिलरेटर सोडलेला असला तर थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद, मग आत हवाच पुरेशी जात नाही. जी गेलीच नाही ती दाबणार कोण? रबरी टोक हाताने धरलं तर बाजूने फुसफुसतं.

आम्ही असं केलं. भाचा घाट उतरून आलाच होता, इंजिन गरम होतं. प्लगच्या भोवतीची खळगी आधी हवा मारून साफ केली, नाहीतर खडे-माती सरळ सिलिंडरमध्ये पडते. प्लगच्या वायरींना चिकटपट्टी लावून १, २, ३ लिहिलं; टायमिंग बेल्टच्या बाजूचा एक नंबर. इंजिन जरा निवू दिलं, मग तिन्ही प्लग काढले. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे. कडक गरम असताना प्लग पिळला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात, आणि मग कॉम्प्रेशन राहिलं बाजूला, आटे पाडायला लेथवाल्याकडे जावं लागतं.

कॉइलला येणारी बारीक वायर काढून बाजूला बांधली. हे विसरू नका. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो, कार्ब्युरेटर पेट्रोल ओढत असतो आणि प्लगच्या भोकांतून त्याची वाफ बाहेर येते. तिथे लोंबत्या वायरीतून ठिणगी उडाली तर बॉनेटखाली भडका. इंजेक्शनवाली नंतरची आठशे असेल तर इंजेक्टरचा सप्लायही काढायचा.

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, चोक आत. बॅटरी आठशेची छोटीच असते, म्हणून माझ्या गाडीची जोडून घेतली. गेजची नळी आधी बोटांनीच आटून बसवली. भाच्याला आत बसवून सांगितलं, ॲक्सिलरेटर तळाला लाव आणि मी ‘बस’ म्हणेपर्यंत सेल्फ सोडू नकोस. प्लग तिन्ही काढलेले असल्यामुळे फक्त गेज लावलेल्या सिलिंडरचा ‘ढप्प’ आवाज येतो. सहा ढप्प मोजायचे, सगळ्या सिलिंडरना सहाच. एकाला सहा आणि दुसऱ्याला दहा दिले तर तुलना गेली.

आणि कागदावर दोन आकडे लिहायचे: पहिल्या ढप्पला काटा कुठे गेला आणि सहाव्याला कुठे थांबला. पहिला आकडा बहुतेक जण लिहीतच नाहीत.

आमचे आकडे आले, पीएसआयमध्ये (चौरस इंचावर किती पौंड दाब): एक नंबर ९० आणि १५५. दोन नंबर ५५ आणि ९५. तीन नंबर ९० आणि १५०. जुने मिस्त्री किलोत (चौरस सेंटीमीटरवर किती किलो) बोलतात. एक किलो म्हणजे सव्वाचौदा पीएसआय. ‘अकरा किलो’ म्हणाले तर साधारण १५५ समजायचं.

आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघा

आता चिठ्ठी आणि आमचा कागद शेजारी ठेवा. चिठ्ठीतला दोन नंबर सर्वांत वरच्या आकड्याच्या ६४ टक्के. आमचा ६१ टक्के. आकडे इतके वेगळे, पण सिलिंडरांमधलं नातं जवळजवळ तेच. मोजणाऱ्याने चुका तिन्ही सिलिंडरवर सारख्याच केल्या होत्या, म्हणून चिठ्ठीतही खरी गोष्ट लपली नव्हती: दोन सिलिंडर एकमेकांना धरून आहेत, मधला एकटाच पडलाय. रिंगा आणि बोअर तिन्हींचे बरोबरच घासतात. सगळं इंजिन झिजलं असतं तर मधला असा एकटा कशाला पडला असता?

म्हणून माझा नियम, सुटा आकडा बघण्याआधी सर्वांत कमी भागिले सर्वांत जास्त. नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर जुन्या गाडीला नावं ठेवू नयेत. ७५च्या खाली गेलं तर त्या सिलिंडरचं काहीतरी करावंच लागतं. मधल्या पट्ट्यात वही काढायची, तारीख-किलोमीटर लिहायचं आणि सहा महिन्यांनी परत बघायचं. मॅन्युअल असेल तर त्यातली मर्यादा पाळा. कंपन्या बहुधा याहून कडक असतात.

सुट्या आकड्याला किती मान द्यायचा? अशा जुन्या पेट्रोल इंजिनाचं १५० ते १८० आलं तर तब्येत चांगली, १००च्या खाली काळजी. पण गेज स्वस्तातले असतात, दोन गेज एकाच सिलिंडरला दहा पीएसआयचा फरक सहज दाखवतात. शिवाय आमच्याकडे घाटाचा हिशेब वेगळा. पाचगणी वाईहून साधारण सहाशे मीटर उंच. तिथे हवाच विरळ, त्यामुळे तेच इंजिन, तोच गेज, तीच बॅटरी असली तरी आकडा सहा-सात टक्के कमी येणार. वाईतले १५५ पाचगणीत १४५च्या आसपास दिसतील. मुंबईतल्या मित्राच्या गाडीचा आकडा विचारून पाचगणीत बसून घाबरणारे लोक मी बघितलेत.

एक हिशेब हमखास चुकतो, तोही सांगून टाकतो. आठशेच्या या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची) ८.७. लोक हवेचा दाब १४.७ धरतात, गुणाकार करतात, १२८ येतो, आणि म्हणतात माझं १५० आहे म्हणजे गेज बिघडलाय. तसं नाही. हवा दाबली की तापते आणि तापली की आणखी फुगायला बघते, म्हणून दाब गुणाकारापेक्षा जास्त चढतो. उलट इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यावर जरा उशिरा मिटतो, त्यात थोडी हवा परत जाते, म्हणून पूर्ण वाढही मिळत नाही. रेशोवरून गेजचा आकडा काढायच्या भानगडीत पडू नका.

आता तो पहिला ढप्प. धड सिलिंडर पहिल्याच दणक्यात शेवटच्या आकड्याच्या निम्म्याहून पुढे जातो आणि दोन-तीन दणक्यांत वर पोचतो. रिंगा घासलेल्या असतील तर पहिला दणका अगदीच कमजोर, मग पायऱ्या चढल्यासारखा काटा थोडा थोडा वर जातो आणि सहाव्याला बऱ्यापैकी आकडा दाखवून फसवतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिलाही कमी आणि शेवटी पण काटा फारसा चढत नाही, एका जागी कंटाळून थांबतो. आमचा दोन नंबर ५५वरून ९५ला येऊन थांबला होता, आणि शेवटचे तीन दणके तर काटा हललाच नव्हता. मला तिथेच वास आला. पण वासावर हेड उतरवायचं नसतं.

ऑइल टाकून बघणं आणि त्यातली फसगत

ही परीक्षा सगळ्यांना माहीत असते. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकायचं आणि परत मोजायचं. ऑइल रिंगांच्या फटी बुजवतं. आकडा उसळला तर रिंगा-बोअर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग). चिठ्ठी लिहिणाऱ्यानेही केली होती म्हणे: दोन नंबरमध्ये ऑइल टाकलं, ७०चे ८२ झाले, म्हणून रिंगा.

इथे थांबा आणि माप काढा. ७९६ सीसी भागिले तीन, म्हणजे एका सिलिंडरचे २६५ सीसी. रेशो ८.७, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साधारण साडेचौतीस सीसी. त्यात तुम्ही पाच सीसीचा चमचा ओतलात. ऑइल काही दबत नाही. उरलेली जागा साडेएकोणतीस झाली आणि रेशो जवळजवळ दहा! म्हणजे रिंगा नव्याकोऱ्या असल्या तरी आकडा चढणारच. दोन चमचे ओतले तर आणखी चढेल. छोट्या इंजिनात ही फसगत मोठी. ॲम्बॅसॅडरसारख्या मोठ्या सिलिंडरच्या इंजिनात तोच चमचा इतका बोलत नाही.

म्हणून ऑइल फक्त आजारी सिलिंडरमध्ये टाकू नका. सगळ्यांत टाका, औषधाच्या सिरिंजने मोजून तेवढंच, आणि कोण किती चढला ते बघा. आम्ही तिन्हींत पाच-पाच सीसी टाकलं, ऑइल पसरावं म्हणून गेज न लावता दोन-चार फेरे सेल्फ मारला (भोकांच्या समोर तोंड नेऊ नका, पिचकारी उडते), मग मोजलं. १५५चे १७८. ९५चे १०८. १५०चे १७२. तिन्ही साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास चढले. दोन नंबर इतरांपेक्षा काही जास्त उसळला नाही, म्हणजे रिंगांवर आरोप टिकत नाही. रिंगा गेल्या असत्या तर ९५चे १३०-१४० झाले असते. ऑइल फिलरचं झाकण काढून चालू इंजिनावर हात धरून आधीच बघितलं होतं, बॅक कॉम्प्रेशनही (रिंगांतून खाली निसटून तिथे येणारा वारा) नाममात्र होतं.

उरले व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट. गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधे फुटलं तर शेजारचे दोघे बरोबर पडतात. आमच्या गल्लीत एका काकांची पद्मिनी होती. तिचे चार आकडे आले १४०, ६०, ६५, १३८. पाण्यात ऑइल नाही, ऑइलमध्ये पाणी नाही, तरी मधल्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी जळलेली. असा जोडीने पडलेला आकडा दिसला की फार विचार करायची गरज नसते. इथे मात्र एकटा दोन नंबर, शेजारी दोन्ही ठणठणीत. गॅस्केट पाण्याच्या बाजूला फुटलं असतं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे आले असते, पाणी कमी झालं असतं. तसं काही नव्हतं.

कोणता व्हॉल्व्ह, हे कळायला टायरवाल्याचा कॉम्प्रेसर पुरतो. तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपवर आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, आणि प्लगच्या भोकातून हवा सोडून कान लावायचा. कार्ब्युरेटरमध्ये फुसफुस आली तर इनटेक, सायलेन्सरच्या नळीत आली तर एक्झॉस्ट, ऑइल फिलरमध्ये आली तर रिंगा. पिस्टन टॉपवर बरोबर नसेल तर हवा सोडताच क्रँक गर्रकन फिरतो, म्हणून पाना पुलीवर ठेवून जाऊ नका, हात बेल्टजवळ नको. आम्हाला सायलेन्सरमध्ये स्पष्ट ऐकू आली. भाचा मागे उकिडवा बसून म्हणाला, “मामा, टायर पंक्चर झाल्यासारखं वाजतंय.”

मग हेड उतरवायचं का? आधी टॅपेट

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर व्हॉल्व्ह कव्हर काढलं. कार्ब्युरेटरवाल्या आठशेला टॅपेट (व्हॉल्व्हच्या दांडीला दाबणारे स्क्रू; दोघांत थोडा गॅप लागतो) हाताने स्क्रू फिरवून लावायचे असतात आणि लोक ते वर्षानुवर्षं लावत नाहीत. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-२. एक नंबर टॉपवर आणला की क्रँक दोन-तृतीयांश फेरा फिरवायचा, तीन नंबर येतो. आणखी तेवढाच फिरवला की दोन नंबर. दोन नंबरच्या एक्झॉस्टला मी फिलर गेजची (गॅप मोजायच्या पट्ट्यांची) सर्वांत पातळ पट्टी लावली. आत जाईना. गॅप शून्य. व्हॉल्व्ह मिटलाय असं आपण समजत होतो, प्रत्यक्षात टॅपेटने तो केसभर उघडाच धरून ठेवला होता.

का, याचं उत्तर डॅशबोर्डवर होतं. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला स्विच काढून नेल्याचं चौकोनी भोक, आणि डिकीत पट्ट्यांसाठी पाडलेली चार भोकं. आधीच्या मालकाने गॅस किट लावून कित्येक वर्षं चालवली आणि विकताना किट काढून घेतलं. एलपीजी कोरडा जळतो. जुन्या इंजिनात एक्झॉस्टच्या सीट (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कड्या) त्याने खचतात, व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल रुततो, त्याची दांडी तेवढी वर येते आणि टॅपेटचा गॅप खाऊन टाकते. गॅसवर चाललेली गाडी घेताना कॉम्प्रेशनच्याही आधी टॅपेट बघा.

सगळे टॅपेट मॅन्युअलच्या मापाला लावले, इंजिन गरम करून परत मोजलं. १५५, १३८, १५०. ८९ टक्के. फिलर गेज आणि एक कव्हरचं पॅकिंग एवढाच खर्च.

आणखी काही नमुने पटकन. सगळेच आकडे सारखे आणि कमी आले तर आधी स्वतःवर संशय घ्या, बॅटरी, थ्रॉटल, गार इंजिन, गेज. मग टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलाय का ते. झीज शेवटी. सोसायटीत दोन-तीन वर्षं उभी राहिलेली गाडी कमी दाखवते, कारण रिंगा कार्बनमध्ये चिकटलेल्या असतात. ऑइल बदलून चार-पाचशे किलोमीटर चालवा आणि मगच मत बनवा. एका सिलिंडरला काटा हललाच नाही तर गळतीबरोबर हाही विचार करा की रॉकर मोडून इनटेक उघडतच नसेल. आकडा नेहमीपेक्षा बराच जास्त, १९०-२००, आला तर हरखू नका, वर कार्बनचा थर बसलाय किंवा ऑइल येतंय. अशी गाडी चावी काढल्यावरही दोन-चार गचके खाते. आणि सगळे आकडे उत्तम असूनही गाडी ऑइल खात असेल तर गोंधळू नका. ऑइल रिंग आणि व्हॉल्व्ह सील या परीक्षेत दिसतच नाहीत.

डिझेलला हा गेज लावू नका. तिथे दाब चारशेच्या घरात जातो, पेट्रोलच्या गेजचा काटा कायमचा कामातून जाईल. नवीन असताना डेपोत मी एक घालवलाय.

भाच्याची गाडी तिसऱ्या गिअरला घाट चढली आणि त्याला वाटलं, झालं. मी वहीत आकडे लिहून ठेवले होते आणि बाराशे किलोमीटरनंतर बोलावलं. दोन नंबर १२०. गॅप परत आवळलेला. म्हणजे सीट अजून खचतच होती, टॅपेट लावत बसण्यात अर्थ नव्हता. हेड उतरवलं. दोन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढा भाग पांढरट पडून झिजलेला, बाकीची कड तपकिरी आणि गुळगुळीत. नवा व्हॉल्व्ह, नवी सीट, बाकीच्यांचं लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं), हेड गॅस्केट, असं सगळं मिळून चिठ्ठीतल्या रकमेच्या एक तृतीयांशात झालं.

हेड उतरलेलं असताना मी भाच्याला टॉर्च धरायला लावला आणि तिन्ही बोअर पुसून दाखवले. भिंतींवर होनिंगच्या, म्हणजे बोअर नवा असतानाच्या, तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. त्याने त्यांचा जवळून फोटो काढला. कुणाला पाठवला, ते मी विचारलं नाही.